उठून बसण्याची भीती

झेबाचा फोन आला तेव्हा झोप येईना म्हणून मी टेंभुर्णीला अंगणातल्या दिव्याखाली गहू निवडत होते. "मावशी, अम्मी उठून बसली आन्..." पुढचं तिला बोलवेना. मलाही ऐकवलं नसतं. त्या उठून बसण्याचीच तर आम्ही धास्ती घेतली होती.

शमीम, झेबाची आई, माझी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. गाद्या-रजया शिवायची. लहानपणी सांधे सुजून खूप ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली, हे तिला चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा ती पडली माझ्याच ओट्यावर. टाके घालता घालता उठली, ओठ निळे पडले आणि सुईदोऱ्यासकट कोसळली. नाडी लागेना. मी किंचाळले. पण आडवी झाली तसे तिने डोळे उघडले. म्हणाली, "अशी काहून बघून राह्यली गं मालन?" लोक म्हणाले, अशक्तपणा आहे. आम्हीही तेच धरून चाललो... मग भोकरदनच्या बसस्टँडवर ती पुन्हा पडली. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि आम्हाला थेट संभाजीनगरला पाठवलं.

हृदयाची सोनोग्राफी करताना मी आत होते. पडद्यावर वरच्या कप्प्यात एक करडा गोळा डुचमळत होता. डॉक्टरांचा हात थांबला. "रक्ताची गुठळी आहे. बसलं की झडपेच्या तोंडाशी येऊन अडकते. रक्त पुढं जात नाही, म्हणून शुद्ध जाते. आडवं झालं की बाजूला होते. पण दर वेळी होईलच असं नाही. यांना अजिबात उठू देऊ नका. सकाळी ऑपरेशन करू."

"मंग बिलकुल उठत न्हाई," शमीम म्हणाली. पण आडवं पडलं की तिचा दम कोंडायचा. संध्याकाळी तिने माझं मनगट घट्ट धरलं. "झोपावं तर श्वास न्हाई, उठावं तर जीव न्हाई... म्या जाऊ कुठं गं?" तिच्या छातीकडे बघायचीही मला भीती वाटत होती. रुग्णाजवळ एकालाच राहू देत होते, म्हणून झेबाला बसवून मी गावाकडे निघाले. "सकाळी येते," म्हटलं. "जल्दी ये," ती म्हणाली.

पहाटे तिला खोकल्याची उबळ आली आणि झोपेतच ती उठून बसली. झेबाने, नर्सबाईंनी लगेच आडवं केलं, डॉक्टर छाती दाबत राहिले. या वेळी गुठळी सरकली नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेले. खोलीत कापसाची तीच ऊब, कोपऱ्यात अर्धी शिवलेली रजई. झेबा सतरंजीवर मान खाली घालून बसली होती. मला बघितलं आणि "चहा टाकते, मावशी" म्हणत एकदम ताडकन उठली. माझ्या हातातली पिशवी पडली. मी धावत जाऊन तिला दोन्ही दंडांना धरलं, तिच्या ओठांकडे बघत राहिले... ते लालच होते. माझे हात सुटेपर्यंत ती तशीच उभी राहिली.