माहेरचे गहू

आम्ही सहा बायका उन्हाळ्यात सरगुंडे करून विकतो. वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगते, कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची आणि काडी ओढून घेतली की जे वेटोळं राहतं ते वाळवायचं. मग पाण्यात शिजवून आमरसासोबत खायचं. सगळा खेळ कणकेच्या चिवटपणाचा. दोरी तुटली की सरगुंडा गेला.

गहू घ्यायचं काम माझ्याकडे. मी वयानं मोठी, आणि व्यापाऱ्याशी भांडायला मला कंटाळा येत नाही. पोतं वरवर पाहत नाही मी. पार तळाशी हात घालते, मूठभर काढते, वास घेते, दाणा दाताखाली फोडते. व्यापारी म्हणतात, काकू आल्या की पोत्यालाच घाम फुटतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचं चांदूर बाजारकडे शेत आहे. त्या साली त्यानं स्वतः येऊन दोन पोती गहू दारात उतरवले, वर टोपलीभर संत्री. मला इतकं भरून आलं की मी पोत्याची शिवण उसवून वरचे दाणे फक्त सगळ्याजणींना दाखवले. माहेरच्या पोत्यात कोणी तळापर्यंत हात घालून पाहतं का?

दळण नेहमीच्या गिरणीत दिलं. तीन गल्ल्या सोडून एक गिरणीवाले भाऊ आहेत, वीस वर्षं त्यांच्याकडूनच दळून घेत होते मी. या खेपेला कणीक हाताला चिकटायची, दोरी वळता वळता तुटायची. कसेबसे वाळवलेले सरगुंडे शिजायला टाकले तर पातेल्यात लापशी झाली. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी डोकं चालवलं. गहू तर चांगलेच, मग राहिली कोण? गिरणी. आदल्या दिवशी तिथे कोणाचे तरी तांदूळ दळताना मी पाहिलेही होते.

तशीच गेले. पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर म्हटलं, "भाऊ, तुमच्या गिरणीत गव्हात तांदूळ मिसळून राहिला. एवढी वर्सं इश्वास ठेवला तुमच्यावर."

ते हळूच म्हणाले, "काकू, एकडाव गहू पाहून घ्या."

"गहू माह्या माहेरचे हायेत," मी म्हटलं.

 त्यांनी रिकामी पिशवी झटकून पुढच्या बाईचा डबा घेतला.

माझ्या शब्दाला आमच्या भागात वजन आहे, हे मला तेव्हा फार आवडायचं. आठ दिवसांत बायका मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गिरणीत जाऊ लागल्या. ज्या वेळेला भाऊंच्या दारात डब्यांची रांग असायची, त्या वेळेला ते पायरीवर एकटे बसलेले दिसायचे. खरं लिहिते, मला बरं वाटलं होतं.

आमरसाचे दिवस तोंडावर आले, म्हणून तयार पीठच घ्यायचं ठरलं. अकोल्याला एक मोठी पिठाची मिल आहे असं कळलं. मी आणि माझी सून एस.टी.नं गेलो. मालकानं पिठाच्या तपासणीचा कागद पुढे केला. सुनेनं वाचला, ओलावा इतका, अमुक तितकं. मी म्हटलं, कागदाचे सरगुंडे होत नाहीत, मला पीठ भिजवून दाखवा. मालक हसले आणि त्यांनी आम्हाला तपासणीच्या खोलीत पाठवलं. तिथे बार्शीटाकळीची एक मुलगी काम करत होती. तिनं कणकेचा छोटा गोळा केला आणि बारीक धारेखाली चोळत धुऊ लागली. पांढरं पाणी निघून गेलं आणि तिच्या हातात रबरासारखा चिवट गोळा उरला. ताणला तर तुटेना.

मी लगेच पिशवीतून माझा डबा काढला. गिरणीवाल्याची करणी तिला दाखवायची म्हणून घरचं पीठ मुद्दाम आणलं होतं. तेही तिनं धुतलं. बोटांतून सगळं वाहून गेलं, जेमतेम चिमूटभर हाताला राहिलं. मी सुनेकडे जिंकल्यासारखं पाहिलं. पदराला मूठभर गहूही बांधून आणले होते. मुलीला कळावं, दाणा किती चांगला होता ते.

तिनं भिंग घेऊन एकेक दाणा पाहिला. मग मला जवळ बोलावून दाण्याचं टोक दाखवलं. फुगून उकललेलं. म्हणाली, "आजी, हे गहू कापल्यावर भिजले होते. आतून मोड धरला, मंग वाळवले. मोड आला का चिवटपणा जाते. गिरणीवाला काय करंन याले?"

तिथूनच भावाला फोन लावला. तो सरळ म्हणाला, हो, कापून ठेवलेल्यावर पाऊस झाला होता, ऊन देऊन घेतले, आम्ही त्याच्याच पोळ्या खातो. त्यानं फसवलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर गेलं तरी मी पदराची गाठ सोडून तेच दाणे पाहत होते. सून म्हणाली, "आई, तब्येत बरी नाई का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गेले. दोनच बायका होत्या, त्यातली एक भाऊंची चुलत बहीण. मी म्हटलं, भाऊ, तांदळाचं मी जे बोलले होते ना, आणि इतक्यात त्यांनी बटण दाबून गिरणी सुरू केली. पाहते तर चाक रिकामंच फिरत होतं, आत एक दाणा नाही. माझी चूक बायकांच्या कानावर जाऊ नये म्हणून त्या माणसानं रिकामी गिरणी चालवली.

मी ओरडून म्हटलं, "भाऊ, बंद करा ते. आयकू द्या बायकायले."

त्यांनी बंद केली. मी सगळं सांगितलं, भिजलेल्या गव्हासकट. ते म्हणाले, "काकू, पीठ हातात आलं तवाच मले समजलं होतं. पण माहेरचे गहू म्हटल्यावर मी काय बोलू?"

पण दोघींना सांगून काय होणार, माझा पहिला शब्द तर घरोघरी पोचला होता. म्हणून मी रोज सकाळी तिथे स्टूल टाकून बसू लागले. येणारी-जाणारी कोणी दिसली की हाक मारायची आणि भिजलेले गहू, मोड, भिंग, सगळं पहिल्यापासून सांगायचं. चौथ्या दिवशी भाऊच वैतागले. म्हणाले, काकू, आता पुरे, बाया दळण ठेवतात अन् घरी जायचं नाव घेत नाहीत.

एक जण अजूनही मोठ्या रस्त्यावरच जाते. तिला मी दोनदा घरी जाऊन सांगितलं. बाकीच्या परतल्या. त्या साली सरगुंडे अकोल्याच्या पिठाचे झाले, आणि छान झाले. त्या मुलीचे उपकार आहेतच. पण भाऊंचे कसे सांगू? ज्या तोंडानं त्यांचं नाव घालवलं, त्याच तोंडाची ते लाज राखत होते. आता गहू कुठूनही येवोत, दळणाआधी मी मूठभर त्यांच्या हातावर ठेवते. यंदा माझ्या भावाचेच ठेवले. त्यांनी दाणे उन्हात धरले, एक फोडला, आणि म्हणाले, "आणा पोतं."