पहारेकरी समुद्रावर पोचला कसा?

मागाखाली चिंध्यांचा ढीग साचतो ना, तसे आमच्या नवागाम वस्तीच्या ओट्यावर किस्से साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच! माझे माग सुटून दहा वर्षं झाली, आता झाडू माझ्याच हातात. चौथी पास माणसाला दुसरं काय काम देणार? पण यंदाचे किस्से एका पुस्तकाचे आहेत, आणि सगळ्यांचं डोकं अजून तापलेलं आहे. माझंसुद्धा.

पुस्तक आणलं सिंधूवहिनींच्या नातीने, कॉलेजच्या लायब्ररीतून. विटेएवढं जाड. राजे, राक्षस, उडते साप! सुट्टीच्या दिवशी बाया ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवत बसतात. वहिनी दहावी झालेल्या, म्हणून त्या वाचतात. बाकीच्यांचे हात चालतात. आम्हा पुरुषांचं फक्त तोंड.

तर त्यात एक पहारेकरी. डोक्यात लोखंडी टोप, नुसते डोळे दिसतात. नवव्या प्रकरणात तो बर्फाच्या किल्ल्याच्या दारावर उभा. सेनापती सकाळ-संध्याकाळ बघून जातो, हजर! आणि दहाव्या प्रकरणात, त्याच दिवशी, गडी समुद्रावर! टोप काढून पाण्यात पाय सोडून बसलाय. कसा गेला, कशाला गेला, एक अक्षर लिहिलेलं नाही!

"ही काय धर्मशाळा आहे का?" तुकाराम ओरडला. तुकाराम म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्याचा मुकादम. कोण कुठे आहे हे विचारण्यात त्याचा जन्म गेला. पुस्तकातला माणूससुद्धा गैरहजर राहिलेला त्याला चालत नाही!

*

पहिल्या पानावर नकाशा होता. तुकारामने साडीचा धागा घेतला, किल्ल्यापासून समुद्रापर्यंत वळणावळणाने लावला आणि बोटांनी मोजला.

"एक बोट म्हणजे घोड्याचा एक दिवस. सात बोटं! आणि हा संध्याकाळी पाय धुतोय! माझ्या खात्यात असता तर गेटवरूनच हाकलला असता!"

दुसऱ्या दिवशी वहिनींची पाठ फिरताच मी नकाशावर पेन्सिलीने रेल्वेचे रूळ काढले. मधे एक जंक्शन पण टाकलं.

पुढच्या सुट्टीला तुकाराम नाचायलाच लागला. "बघा, बघा! गाडी आहे! मागच्या वेळी दिसलीच नाही!" अर्धा तास तो सगळ्यांना समजावत होता की एक्सप्रेस असणार, पॅसेंजरने जमत नाही.

वहिनींनी खोडरबर माझ्या अंगावर फेकला. "अप्पा, लायब्ररीचं पुस्तक आहे ते! वय काय, धंदे काय!"

*

मग वहिनींनी लेखकालाच पत्र टाकलं. महिना झाला, उत्तर नाही. मला दया आली. मीच उत्तर लिहिलं: "बाई, पहारेकऱ्याने वाटेत घोडा बदलला. आपला नम्र, लेखक."

तुकाराम भडकला. "सात घोडे बदलले तरी पोचत नाही! खोटं बोलतो साला!"

वहिनींनी पत्र नुसतं नाकाला लावलं आणि धडाधड शिंकल्या. "लेखक अप्पांचीच तपकीर ओढतात वाटतं!"

*

थट्टा सोडा. राग मला त्या लेखकाचा खरंच आला होता. अहो, आमचा माणूस पाणी प्यायला गेला तरी "कुठे होतास?" लघवीला गेला तरी "कुठे होतास?" आणि याचा पहारेकरी सात दिवसांची वाट एका दिवसात पार करतो आणि याला कोणी काही विचारायचं नाही! मोठ्या लोकांना कारण द्यावं लागत नाही, एवढंच त्या पुस्तकात खरं!

आणि असा राग यायला तसंच घडलं होतं. तुकारामच्या हाताखाली बारा माग सांभाळणारा आमचा नामदेव. त्याची आई धुळ्याकडून डोळ्याच्या ऑपरेशनला आली. पट्टी सुटल्यावर म्हातारी म्हणाली, जन्मात समुद्र पाहिला नाही, एकदा दाखव. नामदेवने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

तुकाराम म्हणाला, "समुद्र काय पळून चाललाय? आणि ऐक, एक दिवस जरी माग सोडलास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस!"

नामदेवने रुमाल तोंडाला बांधला आणि मागांवर गेला. तिथे सगळेच बांधतात, धाग्याचा भुसा नाकात जातो.

*

पुस्तक शुक्रवारी परत द्यायचं होतं आणि शेवटची वीस पानं उरली होती. वहिनी म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी वाचणार. ज्याला यायचं तो येईल." गुरुवार कामाचा. तरी ओटा भरला. कोण कसं आलं, कुणी कुणाला विचारलं नाही.

शेवटच्या पानावर पहारेकरी पुन्हा समुद्रावर. वहिनी वाचत होत्या, "समोर निळाशार समुद्र पसरला होता..."

"निया कसाना?" नामदेवची आई फटकन बोलली. "गढूय शे, गढूय!"

तुकारामने मान वळवली. "गढूळ? मावशी, तुम्ही कधी पाहिला समुद्र?"

"मंगळवारी. डुमसला. नामदेवनी दखाडा."

तुकाराम उठला. कानशिलं लाल. "मंगळवारी? मंगळवारी तू दिवसभर बारा मागांवर होतास! मी स्वतः दोनदा पाहिलं तुला!"

"रुमाल पाहिला," नामदेव म्हणाला. "रुमालात माझा धाकटा भाऊ होता."

"म्हणजे?"

"म्हणजे किल्ल्यावर पण टोपच होता, मुकादम. आत दुसराच कुणीतरी. सेनापतीने टोप मोजला."

वहिनींनी पुस्तक मांडीवर पालथं टाकलं. "अगं बाई! आणि समुद्रावर कशाला गेला मेला?"

"आई असेल त्याला," नामदेव म्हणाला.

तुकाराम बोट रोखून ओरडला. "ते राहू दे! तुझी नोकरी गेली समज! आज गुरुवार! आत्ता, या घटकेला, तुझ्या मागांवर कोण आहे?"

"भाऊच आहे," नामदेव शांतपणे म्हणाला. "आणि मुकादम, तुमच्या खुर्चीवर?"

तुकारामने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेवटी मला हसताना बघून दात खाल्ले आणि खाली बसला.

"वहिनी," तो गुरगुरला, "ते शेवटचं पान परत वाचा."