पहिल्याच शब्दाला अडणाऱ्या परब वहिनी

ऐंशीच्या दशकातली एक दुपार. दहिसरला नदीकडच्या एका चाळीत मी परब वहिनींच्या दारात उभी होते, आणि आतून कुणीतरी वाचत असल्याचा आवाज येत होता... आवाज चक्क परब वहिनींचा! मी दारातच थबकले.

कारण मी आले होते ती त्यांचं नाव वर्गातून कमी करतेय, हे सांगायला.

नीट सांगते. तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या चाळीत बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. दुपारी दोन ते चार... म्हणजे भांडी आटोपल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आत. शिकवायचं साहित्य म्हणजे एक गुंडाळी फळा, खडूंची पेटी आणि मोठ्यांसाठीच्या एकाच पहिल्या पुस्तकाच्या वीस प्रती. ते गावाकडच्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं असावं. त्यामुळे मुंबईच्या चाळीत आम्ही बैल, मोट आणि मळा शिकत होतो!

त्या पुस्तकाचा हिरो होता गणपत. प्रत्येक धडा त्याच्यापासूनच सुरू. 'गणपत मळ्यात जातो.' 'गणपत विहीर खणतो.' गणपतला दुसरा उद्योग नव्हता आणि आम्हाला दुसरं पुस्तक नव्हतं.

परब वहिनी मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. शेजारच्या बालवाडीत मदतनीस म्हणून त्यांना घ्यायला तयार होते, फक्त साक्षरतेचं सर्टिफिकेट हवं होतं... आणि या बाई तीन महिने पहिल्याच शब्दाला अडून बसलेल्या! उभ्या राहायच्या, पुस्तकाकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, एक शब्द पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मीही हट्टी. चार-चारदा त्यांना उभं करायचे, सगळ्यांसमोर. बाकीच्या बायका पुढचे धडे वाचायच्या, तेव्हा वहिनी पुस्तकावर बोट फिरवत ऐकत बसायच्या. पाटीवर त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण ते नुसतं बघून काढतात असं मी धरून चालले. शेवटी रजिस्टरात शेरा मारला, 'वाचता येत नाही.' परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि माझ्या वर्गाचा निकाल मला बिघडवायचा नव्हता.

आणि आता त्याच वहिनी गावाहून आलेलं दिराचं पत्र शेजारच्या कांबळे मावशींना घडाघडा वाचून दाखवत होत्या...

मी तशीच आत घुसले. "वहिनी, वाचता येतं तुम्हाला? मग वर्गात काय होतं?" माझा आवाज चांगलाच चढला होता. वहिनींनी पुन्हा पदर तोंडाला लावला. कांबळे मावशींना मात्र हसू आवरेना.

"अगं टीचर, गणपत तिच्या मालकाचं नाव हाय ना! मरंल, पन घेनार न्हाई ती. आमास्नी वाटलं, तुला ठावं आसंल."

अहो, माझी स्वतःची आई जन्मभर बाबांना 'अहो' म्हणत आली. मंगळागौरीला तिचा उखाणा ऐकायला आम्ही पोरी जीव टाकायचो, कारण बाबांचं नाव तिच्या तोंडून तेवढंच ऐकू यायचं. आणि मला कळू नये? तीन महिने मी एका बाईला सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घे म्हणून छळत होते...

घरी जाऊन मी कात्री आणि डिंक घेऊन बसले. वीसच्या वीस पुस्तकांत प्रत्येक गणपतवर 'सखाराम' अशी चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून वहिनींची गाडी अशी सुटली की विचारू नका. आठ दिवसांत अख्खं पुस्तक संपलं.

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं... स्वतःचं, कोरं करकरीत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! वहिनींच्या हातात पुस्तक देऊन ते म्हणाले, "वाचा पहिलं वाक्य."

वहिनींनी पुस्तकाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. पदर वर जायला लागला. मी साहेबांना काही सांगणार, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं. गेली ती बालवाडी, गेलं सर्टिफिकेट!

मग काय झालं कोण जाणे. वहिनींनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि एका दमात म्हणाल्या,

"काळ्या फळ्यावर पांढरा खडू, गणपतरावांचं नाव वाचते, आता कशाला अडू!"

बायकांनी जो काही गोंगाट केला! आणि त्या गोंगाटात वहिनी पुढे वाचत होत्या, "गणपतराव मळ्यात जातात. गणपतराव विहीर खणतात..."

साहेब म्हणाले, "अहो, पुस्तकात असं लिहिलेलं नाही."

"लिवलेला माका म्हायत आसा," वहिनी म्हणाल्या. "पण घोवाक अरे-तुरे कशी करू?"

साहेब आधी हसले आणि मग त्यांनी सही केली. पुढच्या महिन्यापासून वहिनी बालवाडीत जायला लागल्या. माझी मात्र किती तरी दिवस झोप उडाली होती. परीक्षेच्या आठ दिवस आधी ते पत्र आलं नसतं, तर त्या बाईचं नाव मी माझ्या हाताने खोडलं असतं!

रजिस्टरातला तो 'वाचता येत नाही' हा शेरा मी परीक्षेच्याच दिवशी वहिनींच्या नावापुढून खोडला. पुढे बरीच वर्षं शिकवलं, पण कुणी अडलं की मी आधी पुस्तक तपासते, मग स्वतःला, आणि माणसाला सगळ्यात शेवटी. वहिनी, तुमचे उपकार आहेत... त्या तीन महिन्यांत वाचता येत नव्हतं ते मला.