आक्कांचा तवा

वाळूजच्या पुढं आमचा वृद्धाश्रम आहे. वर पत्रे, त्यामुळं गारपीट सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. माझ्या बाजूच्या खोलीत कन्नड तालुक्यातल्या आक्का राहायच्या. अंगणात तवा पालथा ठेवला की गारा थांबतात, असं त्यांच्या गावात मानतात. त्यासाठी त्यांनी घरचा लोखंडी तवा ट्रंकेत घालून आणला होता. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मला या प्रकाराचा संताप यायचा.

गेल्या चैत्रात भरदुपारी अंधारून आलं आणि आक्कांनी माझं दार वाजवलं.

"सर, गुडघे लई धरलेत. एवढा तवा ठिवता का भाईर?"

"असल्या खुळचटपणाला मी हात लावणार नाही," म्हणत मी दार लावून घेतलं.

त्या स्वतःच गेल्या. गारा थांबल्यावर आम्ही बाहेर आलो, तर तवा नीट पालथा ठेवलेला होता आणि शेजारी आक्का पडल्या होत्या. त्या परत उठल्या नाहीत.

आता आभाळ भरून आलं की मीच आधी तवा ठेवून येतो. त्यांना पुन्हा बाहेर जावं लागू नये, एवढंच.

तरी पहिली गार पत्र्यावर पडली की माझं दार वाजतं.