नवरदेव, जरा चालून दाखवा

आमच्या घरात एक जर्मन पाव्हणा वर्षभर राहिला होता, असं सांगितलं की आमची नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी फेकतेय. हसा बापड्यांनो, माझं काय जातंय! पिंपरीच्या माळावर तेव्हा एका कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि आतली यंत्रं बसवायला जर्मनीहून तिघं आले होते. दोघं वयस्कर, ते पुण्याला हॉटेलात उतरले. तिसरा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, त्याला रोजची पुण्याची ये-जा नको होती. माझे वडील त्याच बांधकामावर मुकादम होते. त्यांनी त्याला उचललं आणि थेट चिंचवड गावात आमच्या दारात आणून उभं केलं.

"आजपास्नं ह्यो आपल्यात राहनार," ते आईला म्हणाले.

"अगं बाई! आन् खाईल काय त्यो?"

"आपुन खातो त्येच की."

आणि खाल्लं हो त्यानं. पहिल्याच दिवशी ताटातला ठेचा त्याला काय वाटला कोण जाणे, भाकरीवर लोणी फासावं तसा फासला आणि मोठा घास घेतला. तोंड लालभडक झालं, डोळ्यांतून धारा लागल्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तो पाणी प्याला, नाक पुसलं, आणि बोटानं ठेच्याकडे दाखवून खुणेनंच म्हणाला, आणखी वाढा. झालं, आई तिथंच विरघळली. "लई गुनाचं पोरगं हाय," असं ती शेजारपाजारी सांगत सुटली.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं. जेवण झालं की हा स्वतःचं ताट उचलून मोरीवर जाऊन बसायचा आणि राखेनं घासायला लागायचा. आई ओरडायची, "ठेव त्ये खाली! पाव्हण्याकडनं भांडी घासून घेतो म्हनून गाव तोंडात शेन घालंल माज्या!" तो हसायचा, ताट ठेवायचा, आणि आईची पाठ वळली की पुन्हा घासायचा. मराठी तो आईकडूनच शिकला, त्यामुळे ते तिच्यासारखंच गावरान. कारखान्यातल्या पुणेरी साहेबांना तो "व्हय" आणि "न्हाई" म्हणायचा, तेव्हा ते म्हणे गालातल्या गालात हसायचे. वडिलांना त्याचा भारी अभिमान. "त्येंच्यापरीस ह्येचं मराठी बरं," म्हणायचे.

पण गाव काही गप्प बसेना. घरात अठरा वर्षांची लग्नाची पोरगी, म्हणजे मी, आणि त्याच घरात गोरा तरणाबांड पोरगा! पाणवठ्यावर मी गेले की बायकांची कुजबुज थांबायची. आईनं चार दिवस ऐकून घेतलं. मग भाऊबीज आली. त्या दिवशी तिनं दार सताड उघडं टाकलं, शेजारणींना मुद्दाम हळदीकुंकवाला बोलावलं आणि माझ्या दोन धाकट्या भावांच्या आधी पाव्हण्याला पाटावर बसवलं. मी त्याला ओवाळलं. ओवाळणी घालायची असते हे त्याला कुठलं ठाऊक? आईनं खूण केली तसा त्यानं खिसा चाचपला आणि हाताला लागला तो चकचकीत बोल्ट तबकात ठेवला. आई शेजारणींकडे वळून म्हणाली, "बगितलासा? थोरला भाऊ हाय त्यो तिचा. आता काय बोलायचं ते बोला." त्या दिवसापासून तो माझा दादा.

आता माझ्या पायाचं सांगायला हवं. लहानपणी भरल्या बैलगाडीचं चाक माझ्या उजव्या पावलावरून गेलं होतं. पाऊल वाचलं, पण चालताना ते जरा ओढतं. कामाधामाला त्यानं कधी नडलं नाही. नडलं ते लग्नाला. मुलगी बघायला आले की पोहे खायचे, नाव-गाव विचारायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे आणि शेवटी म्हणायचे, "पोरी, जरा चालून दाखव." तिथं सगळं संपायचं. "कळवतो" म्हणून दोन स्थळं गेली ती गेलीच. मी चालत असताना वडील जाजमाकडे बघत बसायचे. नकाराचं दुःख मला होतंच, पण त्यांची ती खाली घातलेली मान माझ्या जास्त जिव्हारी लागायची. मुकादम माणूस, शंभर गड्यांवर ओरडणारा, आणि स्वतःच्या लेकीकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्या नकारानंतर दादानं आईला विचारलं, "तिला चालाय का लावत्यात?"

"पाय बगत्यात, बाबा. रीत हाय."

"आन् त्येचे पाय कोन बगतं?"

आई चुलीशी धुरानं वैतागलेली, वर स्थळाचा राग डोक्यात. ती फणकारली, "तू बग की! भाऊ न्हवं का तू तिचा?"

ती टोमणा मारून मोकळी झाली. त्या पोराला टोमणा कळला नाही. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि "व्हय" म्हणाला.

तिसरं स्थळ मोशीचं. मुलगा खडकीला नोकरीला, घरचं रान इंद्रायणीकाठी. वडील वारलेले, म्हणून कारभार काकांचा. रविवार होता, दादा घरीच होता. इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर वडिलांची पांढरी टोपी घालून तो वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसला. पाव्हणेमंडळी त्याच्याकडेच टकामका बघत होती. "ह्यो आमचा थोरला," वडील म्हणाले आणि विषय संपवला.

आत आई माझ्या कानाशी लागली होती. "लुगड्याचा घोळ खाली सोड. हळू चाल. मला काई न्हाई, पर ह्ये बी स्थळ गेलं तर तुझा बा हाय खाईल गं." मी पोह्यांच्या बशा दिल्या आणि खाली बसले. नाव विचारून झालं. मी सुईत दोरा ओवून दाखवला. मग काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, आता जरा चालून दाखव."

वडिलांची नजर जाजमावर गेली. मी उठायला हात टेकला.

तेवढ्यात दादानं मला थांबवलं आणि मुलाकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "नवरदेव, आदी तुमी जरा चालून दाखवा."

आईनं दाराआडून कपाळाला हात लावला. काकांना आधी वाटलं थट्टा आहे. पण दादाच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तो म्हणाला, "यंत्र बसवताना आमी दोन्ही बाजू बगतो. येक बगून कसं चालंल?"

"अहो, काय चालवलंय हे?" काका उसळले. "मुलाला चालायला लावता? आमच्या सात पिढ्यांत असला अपमान झाला नाही! उठा रे सगळे!"

उठले. सगळे उठले, आणि मला वाटलं, संपलं. पण मुलगा दाराकडे वळलाच नाही. तो ओसरीच्या खांबापर्यंत गेला, तिथून परत आला आणि दादासमोर उभा राहिला. "चाललो," तो म्हणाला. "आणखी काय?"

दादानं सुई-दोरा पुढं केला.

मुलानं सुई डोळ्याजवळ धरली, लांब धरली, दोरा तीनदा बाजूनं गेला. कान तांबडे झाले त्याचे. मग त्यानं एकदा काकांकडे बघितलं, कोटाच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. जाड भिंगांचा! काकांनी डोळेच मिटून घेतले. मुलानं चष्मा लावला आणि एका फटक्यात सुई ओवली.

"घरच्यांनी सांगितलं होतं, लावू नकोस म्हणून," तो वडिलांना म्हणाला. "पण याच्याशिवाय मला कोण कुठं बसलंय तेही धड दिसत नाही."

मग तो माझ्याकडे वळला आणि त्या भिंगांतून त्यानं मला पहिल्यांदा नीट बघितलं.

आता माझी पाळी होती. मला कुणी उठ म्हणालं नाही. मी आपणहून उठले. लुगड्याचा घोळ वर घेऊन कमरेला खोचला आणि खांबापर्यंत चालत गेले, पाय ओढत, जशी रोज चालते तशी. लाज? कसली लाज! एवढी ताठ मी जन्मात चालले नव्हते. परत फिरले आणि बघते तर वडिलांची मान वर होती. ते माझ्याकडे बघत होते, डोळे भरून, सगळ्यांच्या देखत.

"माझी पसंती आहे," मुलगा म्हणाला. काका काहीतरी बोलायला गेले, तर तो म्हणाला, "काका, आपण जे विचारलं तेच त्यांनी विचारलं. यात अपमान कुठं आला?" काका पुन्हा खाली बसले आणि गार झालेले पोहे खायला लागले.

दादा मला म्हणाला, "आता तू सांग."

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याचाच शब्द उचलला. "व्हय," म्हणाले.

लग्नात कानपिळीला माझ्या भावांच्या पुढं दादाच उभा राहिला. नवरदेवाचा कान कसा पिळायचा हे आईनं त्याला समजावलं होतं, पण बोल्ट आवळणारे हात ते! माझा नवरा केवढ्यानं ओरडला आणि त्याचा चष्मा खाली पडला. मांडव हसून लोळला, काकासुद्धा. दादानं चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला आणि स्वतः त्याच्या नाकावर बसवून दिला. पुढं काही महिन्यांनी यंत्रं सुरू झाली आणि तो त्याच्या देशाला गेला. जाताना शेवटचं जेवण त्यानं आमच्याकडे केलं, आणि ताट घासून पालथं घालून ठेवलं. त्या दिवशी आई ओरडली नाही.

नवऱ्याचं पाऊल मोठं होतं. सप्तपदीला त्यानं ते माझ्याएवढं केलं आणि पुढं जन्मभर तसंच ठेवलं. बाजारात, देवळात, पोरांच्या शाळेत, कुठंही गेलो तरी तो माझ्या बरोबरीनं, माझ्याच चालीनं चालायचा. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की नवखी माणसं मला हळूच विचारायची, "तुमच्या मालकांच्या पायाला काय झालंय हो?"