सोवळ्यात वाजलेला फोन

हे लिहिणारच नव्हते मी. टाइप केलं, उडवलं, परत टाइप केलं. पण काल इथं बनारसला, दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत, बकुळताईची खिडकी परत बंद दिसली आणि राहवलं नाही.

बकुळ घरूनच काम करायची. हॉस्पिटलच्या लॅबमधलं मशीन रक्ताचा रिपोर्ट काढतं, तो डॉक्टरच्या फोनवर पोचायला हवा. तो रस्ता ही बांधून द्यायची. कॅमल नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते ठरवलेल्या रस्त्यानं निरोप नेतं. आणि ते राहतं कराफ नावाच्या कंटेनरमध्ये.

"कंटेनर म्हणजे काय गं?" तिची आई विचारायची.

"मिसळणाचा डबा समज. एक वाटी काढून दुसरी ठेवायची, बाकीचं चालूच."

"आणि एवढ्यासाठी दिवसभर डोळे फोडतेस?"

पितृपक्षात शेजारचे गोपीनाथकाका त्याच हॉस्पिटलात होते. किडनीचं दुखणं. त्यांचा वॉर्ड नवा, तिथं अजून लॅबवालाच फोन करून रिपोर्ट सांगायचा, आणि कधीकधी विसरायचा. रक्तात पोटॅशियम वाढलं आणि डॉक्टरला वेळेत कळलं नाही तर हृदयच बंद पडतं, हे बकुळला माहीत होतं. काकांच्या बायकोला, शरदिनीकाकूंना, ती म्हणाली, "मी बघते काकू. डॉक्टरला लगेच मेसेज जाईल असं करते." काकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

ज्या सकाळी ते करायचं, नेमकं त्याच सकाळी घरी आजोबांचं श्राद्ध.

"बकुळ, आंघोळ कर बाई! गुरुजी येतील, वडे कोण तळणार?"

बकुळनं घाईघाईत नवं बंडल, म्हणजे ती नवी वाटी, सर्व्हरवर टाकलं. यादीत नाव आलं, पुढे ॲक्टिव्ह. तिनं हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला, ऋतुराजला, फोन लावला.

"हो गया. चालू है."

"पक्का? लॅबवाले को बोल दूँ, अब फोन मत करना?"

"हाँ बाबा, बोल दो. मुझे सोवळ्यात जाना है."

"कहाँ जाना है?"

ती हसली आणि फोन ठेवून आंघोळीला पळाली.

ॲक्टिव्हच्या शेजारी अजून एक शब्द होता. ग्रेस पिरियड. म्हणजे बंडल बसलंय, पण आतला रस्ता उघडलेला नाही. मेसेज पाठवणारा दुसरा तुकडा येईल म्हणून थांबलंय. थोडा वेळ थांबतं, मग हात टेकतं. तो तुकडा बकुळच्या लॅपटॉपवरच राहिला होता. एरवी रस्ता सुरू झालेला बघितल्याशिवाय ती जागची हलायची नाही. कधीच नाही यार.

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. थांबला. परत वाजला. बाबाही सोवळ्यात.

"आई, बघू का?"

"आणि परत आंघोळ करणार? गुरुजी पानावर बसलेत. वाजू दे, लोकांना काय उद्योग!"

खीर खाली लागत होती. बकुळ ढवळत राहिली.

पानं उठल्यावर तिनं फोन हातात घेतला. काकूंचे कॉल. त्याखाली ऋतुराज: "डॉक्टर को कुछ गया ही नहीं." काकांचा रिपोर्ट सकाळीच तयार झाला होता, पोटॅशियम वाढलेलं, आणि लॅबवाल्यानं फोन केला नाही, कारण करू नको म्हणून सांगितलं होतं. काका गेले होते.

हॉस्पिटल म्हणालं, अचानक झालं. बकुळला ते पटलं नाही. तेरावं झाल्यावर ती काकूंकडे गेली आणि सगळं सांगितलं. शिव्या खायलाच गेली होती ती. काकू वाती वळत ऐकत होत्या.

"सोवळ्यात होतीस ना बाळा? मग फोन कसा शिवणार तू?"

"फोनचं नाही हो काकू, त्याच्या आधी मी—"

"असू दे गं."

आणि त्यांनी पुढचा कापूस घेतला. माफ केलं, पण भलत्याच गोष्टीसाठी. खरी चूक त्यांना कळलीच नाही, आणि बकुळला ती समजावता येईना.

तेव्हापासून ती खोलीतच आहे. नोकरी सोडली. आई दाराशी ताट ठेवते, अर्धं परत येतं. काकू दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून येतात, "बकुळ, मी आहे गं" म्हणतात. काकूंचा आवाज आला की ती आतून कडी घालते.

म्हणून लिहितेय. बनारसमध्ये हे काम कळणारं कुणी असाल तर जा ना तिच्याकडे. तुझी चूक नाही, असं नका म्हणू, ते सगळे म्हणून झालेत. फक्त समोर बसा आणि तिला पूर्ण सांगू द्या. ग्रेस पिरियड म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, असं एक माणूस हवंय तिला. पण लवकर जा. प्लीज, याच आठवड्यात जा.