देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल

मी पुण्याला एम.एस्सी.ला जावं की नाही, हे एका शेवंतीच्या फुलाने ठरवायचं असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. अप्पा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथ चालवतात, आई घरी ब्लाउज शिवते, आणि अप्पांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडेच राहते. घरातल्या कुठल्याही मोठ्या गोष्टीत शेवटचा शब्द तिचा. फिजिक्स पुढे शिकून काय होतं, हे मला त्यांना धडपणे कधी समजावता आलं नव्हतं. त्यात प्रवेश मिळाला तो पुण्यात. आमची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण पुणं कुणी पाहिलेलं नाही. आत्याच्या लेखी तो परदेशच. येते की नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

म्हणून प्रसाद मागायचं ठरलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. अभिषेक झाला की भट्रे, म्हणजे तिथले पुजारी, ओल्या मूर्तीच्या डोक्यावर, खांद्यांवर, हातांवर फुलं चिकटवतात. आपण समोर बसून मनातल्या मनात प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो. आत्याचं लग्न मोडायचं की नाही, हे घर घ्यायचं की नाही, सगळं असंच ठरलेलं.

त्या सकाळी आम्ही चौघं बसलो होतो. गाभाऱ्यात पंखा नाही, बाहेर वारा नव्हता. बराच वेळ काही झालं नाही. मग अप्पांनी डोळे मिटून हात जोडले आणि त्याच क्षणी देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल निसटून खाली आलं. डोक्यावरच्या फुलाला किंवा डाव्या खांद्यावरच्या फुलाला काहीच झालं नाही. माझ्या अंगावर काटा आला. भट्रे कानडीत म्हणाले, "सरी, आयतु," म्हणजे ठीक, झालं, आणि फूल अप्पांच्या ओंजळीत ठेवलं. आईने डोळे पुसले. आत्या तर इतकी खूश की तिने भट्रेंना घरी जेवायलाच बोलावलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण देवळाच्या पायऱ्या उतरतानाच एक गोष्ट टोचायला लागली. हे उत्तर माझ्या बाजूने आलं म्हणून मी ते घ्यायचं, तर उद्या उलटं आलं तर तेही घ्यायला हवं. आणि घ्यायचं नसेल, तर मी नुकतंच जे पाहिलं ते काय होतं?

कॉलेजात एका मैत्रिणीला सांगितलं. तिचे आईवडील पुण्याहून आयटीसाठी इथे आलेले, एचएसआर लेआउटला राहतात. ती आधी हसली, मग म्हणाली, "सीरियसली? फूल आहे ते. ग्रॅव्हिटी नावाची गोष्ट असते, तू फिजिक्सची आहेस ना?" मी म्हटलं, खाली का पडलं हे मी विचारतच नाहीये, तेच का आणि तेव्हाच का, हे विचारतेय. त्यावर ती म्हणाली, "आन्सर पॉझिटिव्ह आलंय ना? मग कशाला खाजवत बसतेस?"

आमच्या सरांकडे गेले. ते चांगले आहेत, माझ्यासाठी शिफारसपत्रही त्यांनीच दिलं. त्यांनी मान हलवली आणि अशा गोष्टींवर विचार करणं म्हणजे त्यांना मान देणं, असं काहीतरी सांगून प्रोजेक्टचा अहवाल कुठवर आला ते विचारलं. मी चरफडत बाहेर आले. त्यांनी ते देऊळ पाहिलं नव्हतं, फूल पाहिलं नव्हतं, तरी त्यांचं उत्तर तयार होतं. घरी आत्याचंही तयार होतं. मला फक्त बघायचं होतं, आणि बघू देणारं माणूस कुठेच नव्हतं.

मग मीच बघायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि भट्रे चिकटवतात तशी फुलं चिकटवली; गाभाऱ्यातल्यासारखी एका बाजूला समईही लावली. जड फुलं लवकर पडतात, हे कळलं. पाणी सुकत आलं की पडतात, हेही कळलं. समईच्या बाजूचं आधी पडावं असं वाटलं, पण एकदा पडलं आणि एकदा नाही. अप्पांच्या हात जोडण्याशी त्या फुलाचा काय संबंध, ते मात्र वरवंटा सांगेना. कदाचित काहीच नसेल. दोन गोष्टी एकदमच घडल्या असतील. पण 'असतील' आणि 'आहेत' यात फरक असतो, आणि तो फरक मला बुजवता येत नव्हता.

आईने ओट्यावरचा सगळा पसारा बघितला. "बारशाला गोप्या करतात वरवंट्याचा. तू तर लग्नच लावलंस," ती म्हणाली. "आवर आता, मला चटणी वाटायचीय."

शनिवारी रात्रीची जेवणं चालली होती. अप्पांनी सहज विचारलं की पुण्याची गाडी इथून कितीला सुटते. आत्याचा हात ताटावरच थांबला.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"पोरीसाठी. देवीने हो म्हटलं ना."

"देवीने हो म्हटलं ते हिने इथंच राहण्याला," आत्या म्हणाली. "मी तेच विचारलं होतं. पोर डोळ्यांसमोर राहू दे का, म्हणून."

अप्पा म्हणाले, त्यांनी विचारलं होतं की ही तिकडे सुखरूप राहील का. इतकी वर्षं प्रसाद मागणारं आमचं घर, आणि कोण काय विचारतंय हे आधी एकमेकांना सांगावं असं कुणाला सुचलं नव्हतं. मी स्वतः फुलाचं वजन, पाणी, वारा, समईची ऊब सगळं तपासत बसले होते, आणि हो म्हणजे कशाला हो, हा पहिला प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता. मला हसावं की रडावं कळेना.

मी आईला विचारलं, तू काय विचारलं होतंस? ती ताकाचं भांडं हलवत राहिली. मग म्हणाली, "हिच्या मनात जे आहे ते होऊ दे, म्हटलं. तू काय मागितलंस ते मला कुठं ठाऊक?"

मी काहीच मागितलं नव्हतं.

रविवारी सकाळी आत्या पुन्हा देवळात घेऊन गेली. भट्रे नाखूश होते. एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आत्याचं म्हणणं, पहिल्या वेळी धड विचारलंच गेलं नव्हतं, मग ही दुसरी वेळ कशी? भट्रे कुरकुरत अभिषेकाच्या तयारीला लागले. या वेळी आत्याने प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला: ही पुण्याला जाऊ दे का?

फूल पडलं नाही. उजवं नाही, डावं नाही. भट्रेंनी दुसऱ्यांची पूजा केली, आरती केली, तीर्थ वाटलं. फुलं जागच्या जागी. मूर्ती सुकून गेली होती. माझ्या वरवंट्यावरची फुलं एव्हाना केव्हाच पडली असती. आत्या पुटपुटली की देवी रागावली. मला वाटत होतं, भट्रेंनी या वेळी फुलं जास्त दाबून बसवली असतील. पण तसं करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

अप्पांना ओव्हरटाइमला पीण्याला जायचं होतं. ते घड्याळ बघत होते. मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तू काय विचारलं होतंस?"

"काही नाही. फूल कसं पडतं ते बघत होते."

"मग आता सांग. देवीला नको, मला सांग."

इतके दिवस मी मैत्रिणीशी वाद घातला, सरांशी घातला, मनातल्या मनात आत्याशी घातला, पण हे एक वाक्य कुणालाच म्हटलं नव्हतं.

"मला जायचंय, अप्पा. भीती वाटते. पण जायचंय."

"भीती मलापण वाटते," ते म्हणाले. मग उठले, देवीला नमस्कार केला आणि म्हणाले, "सरी. कळव त्यांना येते म्हणून." आत्या म्हणाली, "अरे, अजून प्रसाद झाला नाही." अप्पा म्हणाले, "अक्का, तू बस. तिला उशीर होतोय." उशीर त्यांना होत होता.

मी तिथेच पायरीवर बसून फोनवरून होकार पाठवला. आत्या दुपारी देऊळ बंद होईपर्यंत बसून राहिली. माझ्याशी बोलली नाही, आणि अजूनही मोजकंच बोलते. आपण देवीपुढून अर्ध्यातून उठून आलो, असं ती शेजारी सांगते. मैत्रिणीला वाटतं, मी अंधश्रद्धेवर मात केली. दोघींनाही मी सांगून पाहिलं की तसं काही झालेलं नाही. अप्पांनी मला विचारलं आणि मी उत्तर दिलं, एवढंच झालं. त्या पहिल्या फुलाचं काय, ते मला अजून माहीत नाही. पण हे ऐकून घ्यायला दोघींनाही वेळ नाही.

त्या रविवारी संध्याकाळी देऊळ उघडलं तेव्हा आत्या पुन्हा गेली, आणि मीही तिच्या मागोमाग गेले. मूर्तीवर एकही फूल नव्हतं. बंद दाराआड सगळी पडली होती, आणि भट्रेंनी झाडून निर्माल्यात टाकली होती. आत्याने विचारलं, आधी कुठलं पडलं? कुठलं कुठे होतं? त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

आत्या चिडून परत फिरली. मी मात्र थांबले आणि भट्रेंना विचारलं, निदान पडली तेव्हा फुलं ओली होती की सुकलेली?